परत द्यायचा डबा

चेंबर तुंबलं नसतं तर श्रीधर मानवतकर आणि पर्यावरण यांची कधी गाठच पडली नसती. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. गारखेड्यातल्या ‘सौख्य’ अपार्टमेंटचा सचिव. सकाळी फिरणं, दुपारी झोप, संध्याकाळी टँकर आला का याची चौकशी. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ऐन एप्रिलात खालचं चेंबर तुंबलं, आणि साफ करायला आलेल्या माणसानं काठीनं आतून एकेक प्लॅस्टिकची पिशवी वर काढायला सुरुवात केली.

असल्या वेळी माणसं कशी जमतात, हे एक नवलच आहे. सोसायटीची मीटिंग ठेवा, चार डोकी येत नाहीत. चेंबर उघडा, अख्खी बिल्डिंग नाकाला पदर नि रुमाल लावून हजर. श्रीधरराव सचिव या नात्यानं सगळ्यांच्या पुढं उभे होते आणि “मी नोटीस लावली होती, पण वाचतं कोण?” असं सुनावत होते. तेवढ्यात सातवी की आठवी पिशवी वर आली. औषधाच्या दुकानाची होती. तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी एवढ्या दिवसांत विरघळून का गेली नाही, देव जाणे. तळमजल्यावरचे तात्यासाहेब औताडे चष्मा सावरत खाली वाकले आणि त्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली.

“श्रीधर मानवतकर. इसबगोल. झोपताना दोन चमचे.”

नाकावरचे पदर नि रुमाल तोंडावर उतरले. बोलले ते तात्यासाहेबच.

“सायेब, तुमचं साफ झालं, पर आमचं चेंबर तुंबलं की हो!”

तात्यासाहेब मूळचे बिडकीनचे. शेती भावाकडं लावून मुलाच्या नोकरीपायी शहरात आलेले. शेती सुटली तरी सल्ला हे एक पीक ते बारमाही घ्यायचे, आणि सगळा माल श्रीधररावांच्या दारात आणून ओतायचे. त्यांच्याकडून असला वार झाल्यावर श्रीधररावांचं रक्त तापलं नसतं तरच नवल. त्यांनी तिथंच, त्या उघड्या चेंबरच्या काठावर उभं राहून, प्रतिज्ञा केली.

“आजपासून तीस दिवस माझ्या उंबऱ्याच्या आत प्लॅस्टिकची एक पिशवी येणार नाही. आली, तर सचिवपदाचा राजीनामा!”

“आँ?” तात्यासाहेब एकदम गंभीर झाले. “आन् मग ते पद घ्यायचं कुणी?”

हा प्रश्न खरोखरच अवघड होता. गेली सहा वर्षं त्या पदाला दुसरा उमेदवार मिळालेला नव्हता. लोक हळूहळू पांगले.

घरी आल्यावर कालिंदीबाईंनी वेगळंच काढलं. “आपल्या घरातली पिशवी चेंबरात गेलीच कशी? मी तर एक फेकत नाही.” आणि ते खरं होतं. सिंकखाली पिशव्यांची एक पिशवी होती, तिच्यात घड्या घालून पन्नासेक पिशव्या होत्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, चिमट्यानं दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या. पण इसबगोल ही माणसाची खाजगी बाब असते. ती पिशवी श्रीधररावांनी कुणाला दिसू नये म्हणून स्वतःच न्हाणीघराच्या खिडकीतून सोडली होती. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका.

पहिल्याच दिवशी ते चार स्टीलचे डबे घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या नव्या थंडगार बाजारात गेले. दारातला पहारेकरी म्हणाला, “काका, बाहेरचं सामान आत नाही नेता येत.”

“हे सामान नाही, डबे आहेत. रिकामे आहेत.” त्यांनी चारही झाकणं उघडून दाखवली.

“मग प्याक करून देतो.” आणि त्या सज्जन माणसानं श्रीधररावांच्या डोळ्यांदेखत चार डब्यांना चार प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि वरून प्लॅस्टिकच्याच पट्ट्या करकचून आवळल्या.

“अरे, आता यात डाळ कशी भरायची?”

“ते आत विचारा, काका.”

आत संस्कृती नावाची एक मॅनेजर मुलगी होती. बोलायला फार गोड. ती म्हणाली, “सर, असा नियम नाहीये आमच्याकडं. पण तुम्ही अर्ज दिलात तर मी हेड ऑफिसला पाठवीन.”

अर्ज! श्रीधररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेहतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून त्यांत चुका काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला स्वतः अर्ज लिहिण्याची संधी म्हणजे सणच. विषय, संदर्भ, सविनय सादर, सोबत जोडलेल्या डब्यांचे तपशील, शेवटी ‘माहितीस्तव प्रत’, असा तीन पानी अर्ज त्यांनी दिला आणि पोच घेतली. चौथ्या दिवशी मंजुरी आली. गळ्यात अडकवायचं कार्ड होतं. त्यावर त्यांचा फोटो, खाली ‘स्वतःचा डबा बाळगण्यास परवानगी’. आणि ते कार्ड खराब होऊ नये म्हणून चांगल्या जाड प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं होतं.

कार्ड दारातच गळ्यात घालून श्रीधरराव डाळीच्या कप्प्यापाशी गेले. सगळी डाळ पाकिटात.

“सुटी डाळ कुठं आहे?”

“सुटी नाही ठेवत सर आपण,” संस्कृती म्हणाली.

कार्ड पिशवीच्या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय श्रीधररावांनी परतीच्या वाटेवर घेतला. तरी ते त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर, चपलांच्या कपाटातच ठेवलं. नियम म्हणजे नियम.

दूध गवळ्याकडून किटलीत मिळालं; किराण्यासाठी मग उरला गल्लीतला गोकुळशेठ. त्याच्याकडं सगळं पोत्यात, सुटं. पण त्याचीही अडचण होती. “सर, डब्यासगट वजन केलं तर डबा बी डाळीच्या भावात जाईल ना! काटा हर बार शून्य करत बसू का?” श्रीधररावांनी यावर तोड काढली. घरातले सगळे डबे रिकामेच तोलून आणले आणि लाल ऑइलपेंटनं प्रत्येकाच्या बुडावर वजन लिहिलं. ३४०. ५१५. ७८०. कालिंदीबाई देवळातून आल्या तर ओट्यावर अकरा डबे पालथे आणि त्यांच्यावर आकडे.

“अहो, हे डबे आहेत की विजेचे खांब?”

त्या तशा शांत बाई. पण डब्यांना कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यांनी मुकाट्यानं स्टूल घेतलं, सगळ्यात वरच्या फळीवरचा कडीचा डबा काढून पाहिला, त्याच्या बुडाला रंग नाही याची खात्री केली आणि परत जागेवर ठेवला.

त्या डब्याला हात लावण्याची श्रीधररावांची छाती नव्हती. तो कालिंदीबाईंच्या आईचा डबा. जुन्या जाड स्टीलचा, कडी उजवीकडं जराशी वाकडी झालेली, पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं : ‘सौ. वत्सलाबाई, देवगाव’. कालिंदीबाईंचं माहेर देवगाव रंगारीचं. आई दर सणाला हा डबा भरून पाठवायची, आणि कालिंदीबाई तो भरूनच परत न्यायच्या, कारण कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये ही रीत. अकरा वर्षांपूर्वी संक्रांतीला डबा आला, तिळाचे लाडू घेऊन. “आठ दिवसांत आणून देते गं,” असं लेकीनं फोनवर सांगितलं. सहाव्या दिवशी आई गेली. तेव्हापासून डबा वरच्या फळीवर होता, रिकामा, आणि कालिंदीबाईंनी देवगावात पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी त्या आठवडाभर पुण्याला निघाल्या, लेकीकडं, मृण्मयीकडं. जाताना दारात म्हणाल्या, “पेंट लावा, पावडर लावा, काय वाट्टेल ते करा. वरच्या फळीला हात लावू नका.”

“छे छे! मला काय कळत नाही का?” श्रीधरराव म्हणाले.

इकडं प्रतिज्ञेचा बोलबाला झाला होता. रोज डब्यांचा एक फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडायचा, आणि फोटोखाली एखादं सुविचारवजा वाक्य. त्याचा परिणाम असा झाला, की बाकीच्यांना वाटायला लागलं, हा माणूस एकटाच पुण्यवान ठरतोय. मग एकेक घर डबे घेऊन गोकुळकडं जायला लागलं. तात्यासाहेबसुद्धा. “आमच्या गावाकडं कुठं व्हती पिशवी? धोतराच्या सोग्यात बांधून आनायचो,” असं म्हणत त्यांनीही चार डबे आणून टाकले. गोकुळच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

“क्या सर,” तो कपाळाला हात लावून म्हणाला, “किराणा दुकान हाय का भांड्याचं? लोक मला परातीचा भाव विचारायलेत!”

शेवटी त्यानं शिस्त लावली. सकाळी डबा आणि चिठ्ठी ठेवून जायची, संध्याकाळी भरलेला डबा न्यायचा. दोन दिवस ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी वीज गेली. तीन वाजता ती आली ती पंखा पाचावर ठेवून आली आणि सतरा चिठ्ठ्या दुकानभर उडाल्या. काही गुळाला चिकटल्या, काही रस्त्यावर गेल्या. गोकुळ हुशार माणूस. चिठ्ठ्या गेल्या तर गेल्या, डब्यांवर नावं आहेत की!

इथंच तो फसला. आपल्याकडं भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, नाहीतर ज्याच्या लग्नात मिळालं त्याचं, नाहीतर देवाघरी गेलेल्या माणसाचं. ज्याच्या घरात ते भांडं नांदतं, त्याचं नाव त्याच्यावर सापडलं तर शपथ. गोकुळनं नावं वाचून डबे वाटले आणि सौख्य अपार्टमेंटमध्ये एकच कल्लोळ झाला. तात्यासाहेबांच्या हातात ‘तात्यासाहेब औताडे यांजकडून सप्रेम भेट’ असा डबा आला, साबुदाण्यानं भरलेला. हा त्यांनी सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर वास्तुशांतीला दिलेला. तो दुसऱ्या मजल्यानं चौथ्या मजल्याला बारशात दिला होता, आणि चौथ्यानं पहिल्याला डोहाळजेवणात. तात्यासाहेब तो डबा छातीशी धरून जिन्यात बसले. “माझा आहेर तीन घरं फिरला! येकानं बी वापरला नाय! यवढा का वंगाळ व्हता का वो?”

पण आपल्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. आपल्याला कर्तव्य आहे श्रीधररावांशी, आणि त्यांचं मात्र खरंच बिघडलं होतं. त्या दिवशी घरातले अकराच्या अकरा डबे भरलेले आणि शेंगदाणे संपलेले. साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्यावाचून होत नाही, हे कुणीही कबूल करील. त्यांनी तासभर विचार केला. मग स्टूल घेतलं. एक दिवसाचा तर प्रश्न, संध्याकाळी धुऊन पुसून जागेवर! त्यांनी बुडाला रंगसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी गोकुळनं त्यांच्या हातात शेंगदाण्यांचा कडीचा डबा दिला. घरी येऊन ओट्यावर ठेवला तेव्हा त्यांना दिसलं, की कडी सरळ आहे. डबा फिरवला. ‘चि. कडुबा याच्या लग्नाप्रीत्यर्थ’.

श्रीधरराव बनियनवर धावत गोकुळकडं गेले.

“देवगावच्या केसरबाई तूप घेऊन येतात ना सर, त्यांचा असेल तो डबा. दर शुक्रवारी डबा ठिवून जातात, दुपारी रिकामा नेतात. आज डब्यावर वाचलं ‘देवगाव’, बाई देवगावची, दिला. उरलेला कडीचा तो तुमचा. माझं काय चुकलं सांगा?”

चुकलं काहीच नव्हतं. तेच तर दुःख होतं. केसरबाईंना वाचता येत नव्हतं, एसटीची घाई होती, आणि दोन्ही डबे कडीचे. त्या आता थेट पुढच्या शुक्रवारी येणार. त्यांच्या मुलाचा, कडुबाचा फोन लागत नव्हता. आणि कालिंदीबाई येणार होत्या परवा, रविवारी.

शनिवारी सकाळी श्रीधररावांनी देवगाव रंगारीची एसटी धरली. रस्ताभर ते बायकोला सांगायची वाक्यं जुळवत होते. ‘अगं, गंमत झाली’ हे त्यांनी पहिल्या फाट्यालाच रद्द केलं. गंमत झालेली नव्हती. बायकोनं चाळीस वर्षांत एकच गोष्ट बजावली होती, आणि तीही खिचडीपायी मोडली. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, अगदी मनापासून.

कडुबाचं घर विचारत विचारत सापडलं. कडुबा अंगणात गव्हाला ऊन दाखवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “आई बिडकीनला गेली की, बहिनीकडं. आजच सकाळच्या गाडीनं. तोच डबा घिऊन गेली, लाडू भरून. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जावं मान्सानं?”

“बिडकीन?” श्रीधरराव मटकन बाजेवर बसले. बिडकीन म्हणजे शहराच्या पार पलीकडं. म्हणजे डबा आणि ते मघाशी वाटेत कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेले होते.

“उद्या दुपारी माघारी यील. शहरात गाडी बदलती. तुमचा पत्ता द्या, देऊन टाकील घरी.” मग जरा थांबून कडुबानं विचारलं, “आन् आमचा डबा आनला आसंल तर द्या.”

श्रीधररावांनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. कडुबाच्या लग्नाचा डबा शेंगदाण्यांसकट ओट्यावर होता. साठ किलोमीटर उन्हातून डब्यासाठी आलेला माणूस डबा विसरून आला होता. कडुबानं ज्या नजरेनं पाहिलं ती पाटबंधारे खात्यात कुणा साहेबानंसुद्धा त्यांच्यावर टाकली नव्हती.

माणसं मात्र मायाळू. कडुबाच्या बायकोनं चहा दिला आणि निघताना दोन किलो वांगी पुढं केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत.

“पिशवी नको,” श्रीधरराव म्हणाले. “म्हणजे वांगी चालतील. पिशवी नको.”

“आमच्या घरची चालत न्हाय व्हय?”

तिचा चेहरा इतका उतरला, की श्रीधररावांनी घाईघाईनं सहा वांगी रुमालात बांधली, चार पँटच्या खिशात घातली आणि उरलेली सदऱ्याच्या पुढच्या घोळात धरली. काटेरी देठांची वांगी होती. एसटीत तीन सीटच्या बाकावर दोघांच्या मध्ये बसून ते घरी कसे पोचले, ते त्यांच्या मांड्यांना ठाऊक. पण पिशवी आली नाही.

रविवार हा प्रतिज्ञेचा तिसावा दिवस. कालिंदीबाई सकाळी दहाला आल्या. श्रीधररावांनी कडुबाचा डबा रिकामा करून, घासून, नाव भिंतीकडं करून वरच्या फळीवर ठेवला होता. चहाबरोबर सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. चहा झाला. मग मनाशी म्हणाले, दुपारपर्यंत केसरबाई येतीलच, मग सांगायचीही गरज नाही.

“ही वांगी कुठली आणलीत?” कालिंदीबाईंनी परातीतलं एक वांगं उचललं. “देवगावला मिळायची असली. काटेरी.”

“बाजारात... होती.”

कालिंदीबाईंनी वांगं ठेवलं आणि वर पाहिलं. स्टूल घेतलं नाही, जवळ गेल्या नाहीत, नुसतं खालून पाहिलं.

“अहो, तो डबा कुणाचा आहे?”

तेहतीस वर्षं खुलासे लिहिलेल्या माणसाला त्या क्षणी एकही खुलासा सुचला नाही. त्यांनी सगळं सांगितलं. शेंगदाणे, पंखा, गोकुळ, देवगाव, बिडकीन. “माझं चुकलं गं,” ते शेवटी म्हणाले.

कालिंदीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गॅलरीत गेल्या आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागल्या. एक टॉवेल त्यांनी चार वेळा उलगडला आणि चार वेळा घडी केली. श्रीधरराव दारात उभे होते. त्यांना आत जाता येईना आणि बाहेर येता येईना.

दीडच्या सुमाराला बेल वाजली. दारात पासष्टीच्या, नऊवारीतल्या, उन्हानं लाल झालेल्या बाई होत्या. हातात वाकड्या कडीचा डबा. पत्ता दाखवायला म्हणून तात्यासाहेब त्यांच्या मागं तीन मजले चढून आले होते आणि धापा टाकत होते.

“मानवतकर सायबाचं घर ह्येच ना? कडुबानं फोनवर सांगितलं. माफी करा माय, येगळा डबा उचलला मी. लेकीच्या घरी कडी उघडताना कळलं मला, ह्यो आपला न्हवं.” त्यांनी डबा कालिंदीबाईंच्या हातात दिला.

डबा जड होता. कालिंदीबाईंनी कडी काढली, झाकण उचललं. आत बेसनाचे लाडू होते, तुपानं चमकणारे, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेले.

“पिशवी!” तात्यासाहेब आनंदानं किंचाळले. “सायेब, प्लॅस्टिक! उंबऱ्याच्या आत! तिसाव्या दिशी!”

“परक्याचा डबा,” केसरबाई ओशाळून म्हणाल्या, “तुपकट व्हायला नगं, म्हून पिशवीत घातले. मी लेकीला म्हनलं व्हतं, आगं हा दुसऱ्याचा हाय, रिकामाच दे. तर म्हनली, आई, तू भरून आनला, मी रिकामा कसा लावू?”

श्रीधरराव राजीनाम्याबद्दल बोलणार होते. पण त्यांचं लक्ष बायकोकडं गेलं.

“लेकीनं भरला?” कालिंदीबाईंनी विचारलं.

“व्हय.”

“तुमच्यासाठी?”

“मंग काय तर. मला गोड चालत न्हाय, पर ऐकती का?”

कालिंदीबाई डबा मांडीवर घेऊन तिथंच दारातल्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. सगळ्यांसमोर, पदर न लावता. केसरबाईंना काही माहीत नव्हतं, तरी त्या खाली बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तात्यासाहेब जिन्याच्या कठड्याकडं बघत राहिले.

मग जेवणं झाली. भरल्या वांग्याची भाजी होती. उठता उठता केसरबाई म्हणाल्या, “आमचा डबा द्या, गाडी गाठायचीय.”

“नाही देत,” कालिंदीबाई म्हणाल्या. “रिकामा कसा देऊ? मीच घेऊन येते. देवगावला, मंगळवारी.”

श्रीधररावांच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच राहिला. अकरा वर्षांत देवगावला जायचं नाव या बाईनं काढलं नव्हतं.

राजीनाम्याचा विषय तात्यासाहेबांनीच मिटवला. त्यांना सगळी दुपार एकच काळजी लागली होती, की हा माणूस खरंच पद सोडेल आणि सगळे आपल्याकडं बघतील. त्यांनी निवाडा दिला : “ती पिशवी पाव्हनी हाय. मुक्कामाला आली, ऱ्हायला न्हाय आली. पाव्हन्याला मोजत नसतेत.” कालिंदीबाईंनी ती दुधाची पिशवी गरम पाण्यानं धुतली, चिमट्यानं दोरीवर लावली. सोमवारी वाळल्यावर घडी घालून कडुबाच्या लग्नाच्या डब्यावर ठेवली. “त्यांची आहे. परत नको द्यायला?”

सोमवारभर स्वयंपाकघरातून खमंग वास येत होता. बाहेर बेचाळीस अंश ऊन, आणि आत गुळाचा पाक. श्रीधररावांना आत यायची बंदी होती. ते पेपर वाचत बसले आणि अधूनमधून नाक वर करून अंदाज घेत राहिले.

मंगळवारी एसटीत दोघंच शेजारी बसले. डबा कालिंदीबाईंच्या मांडीवर. “दे इकडं, मी धरतो,” ते म्हणाले. कालिंदीबाईंनी नकाराची मान हलवली. एसटी शहराबाहेर पडल्यावर श्रीधररावांना राहवलं नाही. त्यांनी हळूच कडी काढून झाकण किलकिलं केलं.

“अगं, तिळाचे? भर वैशाखात? उष्ण पडतील ना.”

कालिंदीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी झाकण पुन्हा लावलं आणि कडी दाबून बसवली.

“राहिले होते द्यायचे,” त्या म्हणाल्या.